मोघ्यांच्या नावावर

“कशानं पडलात?” श्रीपाद सोवनीने बिलाच्या खिडकीतून विचारले.

“पाटावरून,” मोघेबाई म्हणाल्या.

पाट दोन बोटे उंच असतो. बाईंचे डावे मनगट मात्र माडीवरून पडल्यासारखे वळले होते आणि हाड कातडीला आतून ढुशा देत होते. श्रीपादने वळणदार अक्षरात लिहिले: मनगट डावे, एक्स-रे एक, रुपये आठ. नावाच्या जागी लिहिले: श्री. प्रभाकर मोघे.

कल्याणच्या त्या धर्मादाय हॉस्पिटलात बिल दुखणाऱ्याच्या नावाने होत नसे, भरणाऱ्याच्या नावाने होई. ही पद्धत अध्यक्ष अण्णांनी घालून दिली होती. “रोगी बरा होतो, मरतो, पळून जातो,” अण्णा सांगत. “भरणारा सापडतो.” काढलेला फोटोही भरणाऱ्याच्याच हाती मिळे. मोघे मास्तर शाळेत गणित शिकवत, हॉस्पिटलच्या कमिटीवर होते आणि महिनाअखेरीस पै न चुकवता बिल चुकते करत. फोटो ते घरी नेत. बंबात चांगले पेटत.

चोपन्न सालच्या पावसाळ्यानंतर सरकारचे पत्र आले: मागच्या तीन वर्षांत एक्स-रे किती वेळा काढले, कोणत्या अवयवाचे, ते कळवावे. एक्स-रेच्या खोलीतली वही वाळवीने खाल्ली होती. राहिली होती ती बिलांची दुबार पुस्तके. श्रीपादने पंधरा दिवस बसून एकेक कार्बनप्रत उलटली. छाती इतक्या, पाय इतके, टिटवाळ्याचे बैलगाडीखाली आलेले इतके, आंबिवलीचे कारखान्यात चेमटलेले इतके. शेवटी हौसेने त्याने नाववार तक्ताही केला. त्यात सगळ्यांच्या वर एक नाव आले. अकरा वेळा.

ती अकरा बिले त्यानेच लिहिली होती. प्रत्येक वेळी बाई समोर उभ्या होत्या. तरी एकेक पान सुटे असताना ते बिल होते. एका ओळीत मांडल्यावर श्रीपादने ती पुन्हा मोजली.

कमिटीच्या बैठकीत त्याने तक्ता वाचला. मोघे मास्तर समोर बशीतला चिवडा खात होते.

“श्री. प्रभाकर मोघे. बरगड्या दोन वेळा, जबडा एकदा, डावे मनगट चार वेळा, उजव्या हाताची बोटे तीन वेळा, गळ्याचे हाड एकदा. एकूण अकरा.”

मोघ्यांनी उजव्या हाताच्या पाचही बोटांनी शेंगदाणा उचलला आणि शाबूत जबड्याने चावला.

“मोघे,” अण्णा म्हणाले, “तुम्हाला फार लागतं.”

“घरची माणसं वेंधळी आहेत.”

“सोवनी, सरकारनं आकडा मागितलाय. नावं कुणी मागितली?”

“नावाशिवाय कळत नाही, अण्णा.”

“कळायचं कुणाला आहे?”

मग फिल्म महाग झाल्याचा विषय निघाला आणि ठराव झाला: एका नावावर वर्षाला तीनच एक्स-रे. सूचक, श्री. प्रभाकर मोघे. गणित त्यांचे चांगलेच होते.

पुढच्या वर्षी ऑगस्टपर्यंत मोघ्यांच्या नावावरचे तीन संपले: कोपर, हनुवटी, पुन्हा तेच मनगट. सप्टेंबरात बाई खिडकीशी आल्या तेव्हा सरळ उभ्या राहू शकत नव्हत्या. श्वास अर्धाच घेत होत्या. ओठाच्या कोपऱ्यात रक्त वाळले होते.

“फोटो हवाय,” त्या म्हणाल्या. “माझा भाऊ असतो कळव्याला. त्यानं मला ठाण्याच्या वकिलाकडे नेलं होतं. ते म्हणाले, वेगळं राहायचा हक्क मिळेल, पण मारल्याचा कागद आणा. मी म्हटलं, हॉस्पिटलात ढीग आहे.”

श्रीपादने पुस्तके काढून पाने उलटली. ढीग होताच. सगळा मोघ्यांचा.

“यात मी कुठंच नाही?”

“पद्धत आहे बाई. भरणाऱ्याचं नाव.”

“मार मी खाल्ला.”

एक्स-रेवाला आनंद दारात येऊन उभा राहिला होता. “सोवनी, मोघ्यांचा कोटा संपलाय. मी प्लेट लावली तर माझी नोकरी जाईल हां. बाईंना ठाण्याला पाठव.”

“ठाण्यापर्यंत पोचतील असं वाटतं तुला?”

आनंदने बाईंकडे पाहिले. त्या भिंतीला धरून खाली सरकत होत्या.

श्रीपादने पेन्सिल उचलली. चार वर्षांत जे विचारले नव्हते ते विचारले.

“तुमचं नाव काय?”

“मंदाकिनी.”

नावाच्या जागी त्याने ‘सौ. मंदाकिनी मोघे’ लिहिले, खिशातले आठ रुपये गल्ल्यात टाकले आणि बिल आनंदकडे दिले. “या नावावर एकही झालेला नाही. मोजून बघ.”

“मी कशाला मोजू,” आनंद म्हणाला. “ते तुझं काम.”

बरगड्या तीन मोडल्या होत्या. फोटो प्रथमच बाईंच्या हातात पडला. डॉक्टरांनी छाती घट्ट बांधली आणि निरोप मिळताच भाऊ येऊन त्यांना कळव्याला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोघे मास्तर खिडकीशी आले. धोतर स्वच्छ, टोपी सरळ.

“सोवनी, कालच्या बिलाची दुबार प्रत द्या.”

“ती हॉस्पिटलची आहे, मास्तर.”

“बायको माझी आहे.”

“हो. पण बिल त्यांचं आहे.”

पुस्तक चौकटीवर होते आणि श्रीपादचा उजवा हात पुस्तकावर. खिडकीला वरून खाली पडणारी लाकडी झडप होती. मोघ्यांनी ती दोन्ही हातांनी धरून खाली आपटली. हात निघाला नाही म्हणून उचलून पुन्हा आपटली. तिसऱ्या वेळी ओला आवाज आला आणि कार्बनच्या निळ्या पानावर रक्त पसरले. आनंद धावत आला तोवर मास्तरांनी रुमालाने टोपीवरचा शिंतोडा पुसला होता. श्रीपादचे डावे कोपर अजून पुस्तकावरच होते.

अण्णांना टांग्यातून आणले. श्रीपादची दोन बोटे उलट्या दिशेला पाहत होती.

“सोवनी, झालं ते झालं,” अण्णा म्हणाले. “तुमच्या एक्स-रेचं बिल मोघे भरतायत. प्रकरण इथंच मिटवू.”

“त्यांनी भरलं तर त्यांच्या नावावर जाईल, अण्णा.”

“मग?”

“त्यांचं चौथं होईल. ठरावात बसत नाही.”

अण्णांनी मोघ्यांकडे पाहिले. सूचकांनी टोपी सरळ केली.

श्रीपादने डाव्या हातात पेन्सिल धरली. पोराने पाटीवर गिरवावे तसे, घाम गाळत, आपले नाव लिहिले. आठ रुपये त्या महिन्यात दुसऱ्यांदा गेले.

ठाण्याच्या कोर्टात मोघ्यांच्या वकिलाने चौदा बिले मांडली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या घरात मोडली गेली ती नवऱ्याचीच हाडे. जज्जसाहेबांनी मोघ्यांना डावे मनगट फिरवून दाखवायला सांगितले. ते भोवऱ्यासारखे फिरले. मग मंदाकिनीबाईंना सांगितले. त्यांचे फिरले नाही. नंतर श्रीपादला पिंजऱ्यात बोलावून बिलाची पद्धत विचारली. तो सांगत असताना साहेबांनी दोन फोटो खिडकीकडे धरले: एकात तीन बरगड्या, एकात दोन बोटे. वेगळे राहण्याचा हक्क बाईंना मिळाला.

मंदाकिनीबाई कळव्यालाच राहिल्या. दम मात्र त्यांना शेवटपर्यंत अर्धाच पुरला.

चौदा बिले दुरुस्त झाली नाहीत. दप्तरातल्या नाववार तक्त्यानुसार कल्याणातला सर्वांत मोडका माणूस प्रभाकर मोघेच राहिला, आणि तो पंचाहत्तरीपर्यंत काठीशिवाय ताठ चालत असे.

श्रीपादला कमिटीने काढले नाही, कारण मोजायला दुसरे कुणी बसेना. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात त्याने कुणाला न विचारता एक रकाना जास्त आखला: दुखणाऱ्याचे नाव. पट्टी धरायला बोटे वळत नव्हती. रेघ खालपर्यंत वाकडी गेली. त्याने ती खोडली नाही.