भोपूचा वंश

पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधोमध, लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून मिस्त्री दोर तपासत होता आणि खिशातला फोन थांबायचं नाव घेत नव्हता. सातव्यांदा वाजला तेव्हा त्यानं पँटला हात पुसले.

"अहो, असाल तसे निघा!" पलीकडून बायको जवळजवळ ओरडलीच.

"का? आप्पांना काही झालं का?"

"आप्पा चपला घालून दारात उभे आहेत! सव्वा महिन्यात पहिल्यांदा! अहो, भोपूचं पिल्लू सापडलंय!"

मिस्त्रीच्या हातातला पाना सुटला आणि सहा मजले खाली जाऊन ठणकन वाजला.

भोपू म्हणजे त्यांच्या घरचा कुत्रा. तपकिरी, झुबकेदार केसांचा. पुढचा एक पाय तेवढा पांढरा, जणू घाईत एकच मोजा घातलाय. डावा कान कायम दुमडलेला. भुंकणं असं की गल्लीतली तान्ही बाळं दचकून उठायची, म्हणून नाव भोपू. अकरा वर्षं त्यानं त्या दोन खोल्यांवर राज्य केलं आणि सव्वा महिन्यापूर्वी मूत्रपिंडाच्या आजारानं बारा दिवसांत गेला. तेव्हापासून आप्पांनी, म्हणजे मिस्त्रीच्या वडिलांनी, बाहेर पडणंच सोडलं होतं. "फिरायला जायचं तर कुणाबरोबर?" एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. लेक शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी दाराआड बघायची, मग आठवण होऊन गप्प व्हायची. घरात कोणी मोठ्यानं बोलेनासं झालं होतं.

आणि आता हे पिल्लू!

ते भोपूचं असणं शक्यच नव्हतं. ही गोष्ट अख्ख्या जगात दोघांनाच ठाऊक होती, जनावरांच्या डॉक्टरला आणि मिस्त्रीला. भोपू दोन वर्षांचा असताना दर चार दिवसांनी पळून जायचा, मारामाऱ्या करून रक्तबंबाळ परत यायचा. एकदा तर ट्रकखाली येता येता वाचला. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करून टाका, शांत होईल. पण आप्पांनी घर डोक्यावर घेतलं. "मुक्या जिवाचा वंश बुडवायचा? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही!" त्यांच्यापुढे बोलायची मिस्त्रीची कधी छाती झाली नव्हती. त्यानं एक दिवस गुपचूप काम उरकलं आणि घरी येऊन सांगितलं, "रबराचा वॉशर गिळला होता यानं. डॉक्टरनं काढला." त्या दिवसापासून भोपूची अंघोळ मिस्त्रीनं आपल्याकडे घेतली. मागचे दाट केस कापायला तो कुणाला हात लावू देत नसे. झाकली मूठ नऊ वर्षं झाकलेलीच राहिली.

हे सगळं ठाऊक असूनही तो जिने दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला. उतरता उतरता त्याच्या मनात येत होतं, डॉक्टर तरी माणूसच ना? फसतात ऑपरेशनं कधीकधी. काय सांगावं!

घरी पोचला तर नुसती धांदल. पेपरवाल्यानं बातमी आणली होती. लाकडाच्या वखारीत कुत्री व्यायली आहे, चार पिल्लं आहेत आणि त्यातलं एक थेट भोपू. बारा वर्षांच्या लेकीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून पलंगावर पसरलं होतं.

"बाबा, बघ! पिल्लं वीस दिवसांची. कुत्रीला दोन महिने लागतात. म्हणजे हा आठवडा. आणि ह्याच आठवड्यात भोपू एक अख्खी रात्र आला नव्हता! आठवतं? मी जेवले नव्हते!"

"आठवतं," मिस्त्री म्हणाला.

"म्हातारपणी दिवे लावले लबाडानं!" आप्पा खदखदून हसले. त्यांनी धुवट शर्ट घातला होता, दाढी केली होती आणि हनुवटीवर कापूनही घेतलं होतं. "चला, चला! तुमचं आवरेपर्यंत पिल्लाला पिल्लं होतील."

बायको कुलूप लावता लावता मिस्त्रीच्या कानाशी म्हणाली, "बघा तरी त्यांच्याकडे. काल पाणी प्यायला उठवलं तर उठत नव्हते."

तिच्या डोळ्यांतला आनंद बघून मिस्त्रीच्या ओठांवर आलेलं तिथेच विरलं.

वखार दहा-बारा मिनिटांच्या वाटेवर. आप्पा सगळ्यांच्या पुढे. भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "नातू बघायला चाललोय!" औषधांच्या दुकानदाराला तर त्यांनी वॉशरचीही गोष्ट पुन्हा ऐकवली. गेली नऊ वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ती ऐकवत आले होते. दर वेळी तो वॉशर थोडा मोठा व्हायचा. आज तो बशीएवढा झाला होता.

वखारीच्या राखणदाराची बायको त्यांना फळ्यांच्या थप्पीमागे घेऊन गेली. भुशाच्या ढिगावर एक हडकुळी करडी कुत्री आडवी पडली होती आणि चार पिल्लं तिला झोंबत होती. दोन काळी, एक करडं, आणि एक...

"आई गं!" बायकोनं तोंडावर हात ठेवला.

तपकिरी. पुढचा एक पाय पांढरा. डावा कान दुमडलेला.

मिस्त्रीही पुढे झाला, वाकला, आणि मन नको नको म्हणत असताना त्या इवल्याशा तोंडात भोपू शोधायला लागला. कपाळ तसंच होतं. नाक? नाक जरा वेगळं. पण लहानपणी भोपूचंही असंच असेल की.

आप्पांनी दोन्ही हातांनी पिल्लू उचललं. ते कुईकुई करायला लागलं, तशी कुत्रीनं मान वर केली. लेक टाळ्या पिटत होती. "भोपू! ए भोपू! इकडे बघ!"

"तीन आठवडे आईपाशी राहू द्या, मग खुशाल घेऊन जा," राखणदाराची बायको म्हणाली. "बाकीच्यांचंही बघा की कुठं जमलं तर."

"बाकीच्यांचं आम्हाला काय?" आप्पा म्हणाले. त्यांनी पिल्लू गालाशी धरलं होतं. गाल ओले झाले होते. "आमचा आम्हाला मिळाला. बघितलंस रे? उगाच रडत बसलो महिनाभर. भोपू गेलाच नाही!"

"गेला, आप्पा."

मिस्त्रीला स्वतःलाच आपला आवाज ओळखू आला नाही. सगळे त्याच्याकडे वळले.

"गेला तो. माझ्या हातात गेला. मी खड्डा खणला. हे पिल्लू त्याचं नाही. त्याचं असूच शकत नाही." आणि मग त्यानं खाली भुशाकडे बघत सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, ऑपरेशन, वॉशरची थाप. सांगता सांगता त्याचा बांध फुटला. सव्वा महिन्यात तो एकदाही रडला नव्हता. आप्पांना आणि लेकीला सावरायचं होतं ना! आता चार परक्या पिल्लांसमोर तो हमसून हमसून रडला. राखणदाराच्या बायकोनं बिचारीनं काही न सुचून त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला.

लेकीनं आजोबांच्या हातातून पिल्लू अलगद काढून घेतलं आणि कुत्रीच्या कुशीत ठेवलं. चारही पिल्लांच्या डोक्यावरून तिनं एकेकदा बोट फिरवलं.

आप्पा तडक फाटकाबाहेर पडले. तिघं मागोमाग. म्हातारा तरातरा चालत होता. त्या पाठीकडे बघत मिस्त्री मनात म्हणाला, संपलं, आता हे माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत.

कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीपाशी आप्पा गर्रकन वळले.

"म्हणजे वॉशर नव्हताच?"

"नव्हता."

"गाढवा! मी साऱ्या गावाला सांगत सुटलो! आत्ता त्या औषधवाल्याला सांगून आलो!"

"आज तर बशीएवढा होता," बायको म्हणाली. तिला आवरेना. पदर तोंडाला लावून ती फिसफिसायला लागली. मग लेक. मग आप्पांच्याही मिशा थरथरल्या. "हसू नका. मी चिडलोय," ते म्हणाले आणि धप्पकन पायरीवर बसले.

"तरीच अंघोळ तुम्ही घालत होता!" बायको डोळे पुसत म्हणाली. "मला वाटायचं, केवढं प्रेम ऊतू चाललंय."

"पहिलं वर्षभर भीतीनंच घालायचो," मिस्त्री म्हणाला. "मग आवडायला लागलं."

लेक त्याच्या शेजारी सरकली. "बाबा, त्या दिवशी काय काय झालं? पहिल्यापासून सांग. ही गोष्ट आम्हाला माहीतच नाही."

मिस्त्रीनं सगळ्यांकडे पाहिलं. खरंच की. भोपूची एक अख्खी गोष्ट त्यांनी ऐकलेली नव्हती.

"स्कूटरवर पुढे उभा राहिला," त्यानं सुरुवात केली, "आणि सिग्नलला वाहतूक पोलिसावर असा भुंकला, असा भुंकला, की त्या बिचाऱ्याची शिट्टीच तोंडातून पडली!"

"मग?" लेक.

"मग दवाखान्यात एका मांजराला घाबरून माझ्या डोक्यावर चढायला बघत होता. एवढं मोठं धूड!"

"भित्रा कुठला," आप्पा पुटपुटले. "पुढे?"

मिस्त्रीचा आवाज चढला, हात हलायला लागले. वजन करताना काट्यावरून तीनदा पळालेला भोपू, सुई टोचणाऱ्या डॉक्टरचंच तोंड चाटणारा भोपू. रस्त्यावरून जाणारे वळून बघत होते. कोण हे चौघं, रडूनरडून लाल झालेले आणि खिदळणारे?

"आणि ऑपरेशन झाल्यावर?"

"झाल्यावर गुंगीतच होता. बाकड्याखाली आणून ठेवला. मी पाय असा पुढे पसरून बसलो होतो." मिस्त्रीनं पायरीवरून डावा पाय फुटपाथवर लांब केला. "तर तो सरपटत आला आणि बुटावर मान टाकून झोपला. इथे. पायाला मुंग्या आल्या, पण म्हटलं हलवला तर जागा होईल. चार तास बसलो तसाच."

"चार तास?" आप्पा हळूच म्हणाले.

"चार तास."

सगळे त्याच्या ग्रीस लागलेल्या बुटाकडे बघत राहिले. दुपारची शाळा सुटली होती, फुटपाथवर गर्दी वाढत होती. येणारे-जाणारे तो पाय ओलांडून पुढे जात होते. एकजण अडखळला, काहीतरी बोललाही. मिस्त्रीनं पाय मागे घेतला नाही.