हरणाबाईचा भितीवरला देव

म्या शिकारीचं चित्र बोलतोय. मागं सरू नगा, वाघ रंगाचा हाय. आजवर त्यानं माशी बी खाल्ली न्हाय.

माझा जल्म लांब, दर्यापल्याड, गोऱ्यांच्या मुलखात झाला. ज्यानं मला काढलं त्यानं वाळवंट बघितलं नव्हतं, अरब बघितला नव्हता, आन् वाघ तर मुळीच न्हाय. तरी गड्याची छाती बघा! पांढरा घोडा मागच्या पायांवर उभा केला. त्याच्यावर फेटेवाला, दाढीवाला स्वार बसवला, हातात नागडी तलवार दिली. घोड्याच्या पोटाखाली भुकणारं कुत्रं, आन् पुढ्यात आयाळवाला वाघ. वाघाचं तोंड कुठनं आणावं? माझा आपला अंदाज, त्यानं सासऱ्याचं आणलं. जावई दारात दिसल्यावर उघडावा तसा जबडा उघडलाय.

फिरत फिरत हैदराबादेला आलो. तिथं एका साहेबाचं सामान लिलावात निघालं, तवा नळदुर्गच्या जहागीरदारांनी मला उचललं आन् आपल्या बंगल्यात बैठकीच्या खोलीत टांगलं. निजामाचं राज हुतं. पाव्हणे यायचे, कपबशी घेऊन माझ्याकडं बघायचे. म्या बी बघायचो. स्वाराचे डोळे असे काढल्यात की मानूस कुठं बी बसला तरी त्याच्याकडंच बघत्यात. एक जाडजूड अंमलदार सारखी खुर्ची बदलत हुता. शेवटी चहा टाकून गेला. म्या काय केलं? काय न्हाय. बघितलं नुसतं.

चैन हुती म्हना. पन खरं सांगू का, बघनारे लई मिळाले, बोलनारं कुणी मिळालं नव्हतं.

मग हरणाबाई झाडलोटीला आली. धनगराची बाई. नवरा धुळाप्पा मेंढरं घेऊन सोलापूरच्या बाजूला चारायला गेला, आन् मागं सरहद्दीवर गडबड झाली. तिकडं देश सोतंत्र झालेला, हिकडं अजून निजामच. नाके बसले, वाटा बंद. त्यो तिकडं, ही हिकडं. जित्ता हाय का न्हाय, सांगाया कुणी न्हाय.

पहिल्या दिवशी मला बघून तिच्या हातातली केरसुणी गळाली. तिच्या लोकांचा देव खंडोबा. त्यो वर्साचे थोडे म्हैने नळदुर्गात ऱ्हातो, बाकीचे शेजारच्या अणदुरात. तवा त्यो अणदुरात हुता, आन् तसल्या दिसांत एकट्या बाईनं तिकडं जायची सोय नव्हती.

"अगं बया!" ती म्हनली. "लोक म्हनत्यात देव अणदुराला गेलाय, आन् ह्यो हितं जहागीरदारांच्यात पाव्हणा बसलाय!"

तिनं पदराच्या गाठीतला भंडारा काढला, देवाची हळद, आन् बोटानं माझ्या घोड्याच्या पायाला लावला. "मल्हारी," हळूच म्हनली, "माझा धनी आन. आनलास तर तुझ्याम्होरं तळी भरीन."

मला कुणी पहिल्यांदाच काय मागितलं हुतं. तिचं बोट खरबरीत हुतं. अजून आठवतंय.

चार दिसांनी जहागीरदारांनी ते पिवळं बघितलं. "कौन लगाया रे ये हल्दी?"

"म्या लावली, साहेब. देवाला."

"अगे दिवानी, ये देव नक्को. शिकारी है, शिकारी!"

"साहेब, तुमीच बगा की. पांढरा घोडा हाय. तलवार हाय. खाली कुत्रं हाय. मग कोन हाय?"

जहागीरदारांनी माझ्याकडं बघितलं, हरणाबाईकडं बघितलं. दाढीत हसले आन् नोकराला म्हनले, "रामलिंग, फ्रेम पोंछ. घोडे का पाँव मत पोंछ."

रामलिंग लई वात्रट. "हरणे, तुझा देव जेवला का गं आज?"

"जेवला. तुझ्यासारखा सैपाकघरात चोरून न्हाय जेवत."

म्या बी काय कमी न्हाय. माझ्या मागं एक पाल ऱ्हायाची. हरणाबाईनं "येतूय न्हवं रं त्यो?" इचारलं आन् पाल चुकचुकली, की बाई भुईवर बोट आपटायची आन् खुश होऊन कामाला लागायची. कौल पालीचा, नाव माझं. पन बाई हसायची तवा मला वाटायचं, घोड्याचे म्होरचे पाय एकदा भुईला टेकू देत, चौकट फोडून जातो सोलापुराला आन् धुळाप्पाला मेंढरासकट आनतो. वर्सानुवर्सं उधळलेला घोडा, पन एक पाऊल पुढं गेला न्हाय.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात सोलापुराकडनं फौज आली. निजामाचं राज गेलं, नाके उठले. जहागीरदार सामान बांधून हैदराबादेला निघाले. आन् एक दिस सकाळच्या पारी हरणाबाई पळत आली, मागं एक उंच, वाळलेला गडी, खांद्यावर घोंगडं. धुळाप्पा!

"ह्यो बगा," ती त्याला म्हनली, "ह्यानं आनलं तुमास्नी. पाया पडा. आज हितं तळी भरायची."

माझं ऊर असं भरलं, की चौकटीत मावंना.

धुळाप्पानं हात जोडले. जोडले, आन् तसेच ऱ्हायले. "हरणे, ह्याची म्हाळसा कुठं हाय?"

"कोन?"

"अगं, देव घोड्यावर एकटा कवा बसलाय? म्हाळसा म्होरं पायजेच. आन् आपली बानू? धनगराच्या लेकीला इसरून मल्हारी निघंल का? ह्यो कोन तरी दुसराच हाय."

हरणाबाई माझ्याकडं बघत ऱ्हायली. "मग म्या इतके दिस कुणाला इनवत हुते?"

"कुणी का असंना. ऐकलं न्हवं त्यानं? चल, अणदुराला जाऊ. तळी तिथं भरू."

ती जवळ आली. वाटलं, बोलंल काय तरी. तिनं पदराचं टोक वलं केलं आन् घोड्याचा पाय पुसला. रागानं न्हाय, हळूहळू, पोराचं तोंड पुसावं तसं. देवाचा भंडारा परक्याच्या अंगावर ठेवू नये म्हनून. मग धुळाप्पाच्या मागनं गेली. दारातनं वळून बघितलं न्हाय. कशाला बघंल? तिचं मानूस तिच्या म्होरं चालत हुतं.

जहागीरदार मला हितंच इसरून गेले. बंगल्यात कचेरी आली. स्वाराच्या डोळ्यांनी कारकुनाला काम सुचंना, म्हनून त्यानं मला अडगळीत तोंड भितीकडं करून ठेवलंय. ही मातर माझी जीत झाली! पन जिंकून चुन्याकडं बघत बसलोय.

कुणी हिकडं आलाच, तर मला सुलटा करा. आन् काय तरी मागा. म्या देव न्हाय, हे मला पहिल्यापासनं ठावं हुतं. द्याया माझ्याकडं काय सुदीक न्हाय. तरी मागा. कुणाची तरी वाट बघनारं मानूस म्होरं उभं ऱ्हाऊन कसं बघतं, ते एकदा बघितलं, की मग नुसतं चित्र म्हनून टांगून घ्यायला मन घेत न्हाय.