शिवरस्ता

चकलांब्याजवळच्या त्या गावाला रस्ता हवाच होता. पावसाळ्यात बाळंतपणाला अडलेली बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून न्यावी लागायची. रस्ता मंजूर झाल्याचं कळलं, तेव्हा भिमाबाईंनीही साखर वाटली होती. पण आखणीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या त्या ओढ्याकाठच्या काळ्या रानातून. भिमाबाईंच्या तीन एकरांचे दोन तुकडे होणार होते. शेजारच्या आठ घरांची तीच गत, आणि ओढ्यावरची सगळी करंजं तुटणार होती.

"रस्ता पायजेच," त्या लेकीला म्हणाल्या, "पण पिकतं रान बुजवून कावून? वनिता, तू पंचायतीत मेंबर हाईस. बोल की!"

बोलण्याआधी वनिता गेवराईला गेली. तिसऱ्या हेलपाट्याला तिला भूमी अभिलेखातून निजामाच्या काळातल्या गावनकाशाची नक्कल मिळाली. माळाच्या कडेनं, शिवेवरून, दुहेरी रेघ गेली होती. जुना शिवरस्ता! आता तिथं वेड्या बाभळी माजल्या होत्या. उरलेली वाट लोकांनी शेतात ओढून घेतली होती. सगळ्यांत मोठा तुकडा सरपंच विजयसिंहांच्या कापसाखाली होता.

ग्रामसभेत तिनं नकाशा उलगडला. विजयसिंह हसले.

"कागदावर काय बी असतंय. तिथं कदी वाट नव्हतीच."

"व्हती." बायकांतून आवाज आला. सरपंचांच्या आई, ऐंशीच्या कौशल्याबाई, काठी टेकत उठल्या. "त्याच वाटंनं मी नवरी होऊन आलते. तुझ्या बापानं ती नांगरली, तवा गप बसले. आता न्हाई बसायची."

"माय, घरी चल."

"घरी न्हाई. रानात चल, दाखवते."

म्हातारी पुढं, सभा मागं. कापसात मधोमध थांबून तिनं काठी आपटली. "हितं शिवंचा दगड हाय. उकरा."

दोघांनी खोदलं. हातभर खाली टिकाव खणकन वाजला. मोजणीची खूण कोरलेला दगड वर आला. विजयसिंहांनी खाली बसून खुणेवरची माती बोटांनी पुसली. मग उठून त्यांनी स्वतःच्या हातानं बोंडांनी लगडलेलं झाड उपटलं.

"लिहा ठरावात," ते म्हणाले. "माझ्यापासनं सुरू करा."

एकच गलका झाला. परतताना कौशल्याबाई दमल्या, तेव्हा त्यांनी भिमाबाईंचा हात धरला आणि पार घरापर्यंत सोडला नाही.

सरपंचानंच जागा सोडल्यावर बाकीच्यांनीही आपापला तुकडा सोडला. इंजिनिअरनं नवी आखणी केली. पल्ला अर्ध्या किलोमीटरनं वाढला, पण एकही करंज तुटलं नाही.

पुढच्या वर्षी माघात पहिली एसटी आली. पाणी दिलेल्या गव्हात खुरपणाऱ्या भिमाबाईंनी रस्त्यावर धुरळा पाहिला आणि पदर खोचून बांधावरून धावत सुटल्या.

"बायांनो, चला गं! गेवराईला जाऊन येऊ!"

"काम काय हाय तिथं?" कुणीतरी विचारलं.

"काई न्हाई!" त्या ओरडल्या, आणि नऊ बाया चिखलाच्या पायांनी एसटीत चढल्या.