शनिवारची पाळी

कृपाबाईंनी दुधाची पळी वर उचलली आणि तशीच हवेत धरून ठेवली. समोर तिसरीतली नकुशी उभी होती. तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ, आणि दोघांत मिळून एकच जर्मनचा पेला. पलीकडे खुर्चीत पंचायत समितीचे विस्तार अधिकारी बसले होते. त्यांच्या मांडीवर शाळेचं दूधवाटपाचं रजिस्टर उघडं होतं.

“बाई, हे काय लिहिलंय? हजर मुलं एकेचाळीस. दूध घेतलेली पन्नास.”

“खाली आहे साहेब. पटाबाहेरील, नऊ.”

“ते वाचलं मी. वाचलं म्हणूनच शिरूरहून सायकल हाणत आलो.” साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. “तालुक्यातल्या बाकीच्या शाळांत पोरींबरोबर भावंडं येत नाहीत, असं काही नाही. रजिस्टरात मात्र ती तुमच्याच शाळेत येतात.”

कृपाबाई शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढल्या. जे दिसलं तेच लिहायचं, हे त्यांच्या आईनं, मार्थाबाईंनी, पाटीवर अक्षर उमटायच्या आधी शिकवलं होतं. चौदा वर्षांच्या नोकरीत एकदा एसटी उशिरा आली, तर स्वतःच्या नावापुढं ‘दहा मिनिटे उशीर’ असं लिहून त्यांनी मस्टर बंद केलं होतं. घोड नदीच्या काठचं हे गाव त्यावरून त्यांना हसायचं, आणि घरची पत्रं मात्र त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचं.

नियम साधा होता. पावडरीचं दूध पटावरच्या मुलांनाच, शाळेतच, शिक्षकांच्या डोळ्यांदेखत. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त नियम करणाऱ्याला नकुशी ठाऊक नव्हती. आई उजाडायच्या आत मेथी खुडायला जाणार, म्हणजे पोर नकुशीच्या कडेवर. पोराला शाळेत मज्जाव झाला, की नकुशी घरी. तिच्यासारख्या एकंदर नऊ जणी.

कृपाबाईंनी पळी पेल्यात ओतली.

“तू पी हं,” साहेब मऊपणानं म्हणाले. “त्याला नाही द्यायचं.”

नकुशीनं पेला तोंडाशी नेला आणि न पिताच खाली घेतला.

दुपारी व्हरांड्यात शाळा समिती बसली. काय शिकवायचं हे वरून ठरून यायचं. शाळा किती वाजता भरायची, सुगीची सुट्टी कधी, कुणाला कुठं बसवायचं, एवढं गावाच्या हातात. अध्यक्ष सर्जेराव, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणे. सहा म्हशींचे धनी. समितीतली एकुलती बाई म्हणजे सरूबाई. बाई पाहिजेच असा नियम आला, तेव्हा विधवा, एका शेळीची मालकीण आणि आपल्याला आडवी न येणारी, असा हिशेब करून आप्पांनीच तिला घेतली होती. तीन हिशेबांतले दोन बरोबर निघाले.

साहेबांनी नियम वाचून दाखवला. सरूबाईनं पदर सारखा केला.

“सायबाचं खरं हाय. पावडरीचा थेंब पटाबाहेर जायाचा न्हाई. लिवा, बाई.”

कृपाबाईंचा टाक दौतीतच राहिला. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर इतकं लागलं नसतं. त्यांनी ठराव लिहिला. अक्षर पहिल्यांदाच थोडं तिरपं गेलं.

“लिवलं? आता म्होरलं लिवा. सायेब, पोरीनं भावाला मांडीवर घिऊन बसायचं का न्हाई, ह्ये कुनी ठरवायचं?”

“ते... समितीनं.”

“आन् गावानं आपलं दूध आनलं, तर ते कुनाला पाजायचं, ह्ये तुमच्या कागदात हाय?”

साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. मागं काहीच नव्हतं. “नाही. भांडं वेगळं ठेवा, रकाना वेगळा आखा, म्हणजे झालं.”

“समितीत मानसं सा, शाळंचं दिस सा. येकेकाची पाळी.”

आप्पा मिशीत हसले. “सरूबाई, तुझी एक शेळी. तिला इचारलंस का?”

“इचारलं की. ती म्हनली, आप्पांच्या सा म्हशी काय म्हंत्यात ते आदी बग.”

साहेबांनासुद्धा खोकला आला. आप्पांचे कान लाल झाले.

“मग ह्ये बी लिवा,” ते म्हणाले. “ज्याची पाळी त्यानं घरचंच दूध आनायचं. एक पाळी चुकली की ठराव रद्द. भावंडं घरी.”

“लिवा,” सरूबाई म्हणाली आणि अंगठा पुढं केला.

सोमवार आप्पांचा, शनिवारची सकाळची शाळा सरूबाईची. कृपाबाईंनी नवी वही शिवली, रकाना आखला: गावचे दूध. अभ्यासक्रमातला सूतकताईचा तास त्यांनी दुधाला जोडून घेतला. पोरी टकळ्या फिरवायच्या आणि मांडीवरची पोरं पांढऱ्या मिशा घेऊन फिरत्या टकळीकडं बघत राहायची. दर शनिवारी आप्पा येऊन वहीवर सही करत. साऱ्या पाळ्या झाल्या की नाही, हे ते बोट ठेवून बघत. तीन आठवडे नीट गेले.

चौथ्या शुक्रवारी सुटी झाल्यावर नकुशी मागं रेंगाळली.

“बाई, सरूआजीची शेळी आटली. गाभन हाय म्हनं.”

कृपाबाई रात्री अंथरुणावर बसून प्रार्थना करू लागल्या, आणि शेळीसाठी नेमकं काय मागावं हे न सुचून तशाच झोपल्या.

शनिवारी सरूबाई वेळेवर आली. नेहमीचीच पितळी चरवी, तोंडाला फडकं. तिनं कुणाकडं न बघता फडकं सोडलं. आत ज्वारीची आंबील होती, पांढरी, पातळ, नुकती निवलेली. आंबूस वास व्हरांडाभर पसरला. नऊ पेले भरले, नऊ तोंडं लागली. नकुशीचा भाऊ एका दमात पिऊन पेला उपडा करून बघू लागला.

आप्पा पायरीवर उभे होते. कधी आले ते कळलंच नव्हतं.

सरूबाई कृपाबाईंजवळ येऊन हळू म्हणाली, “बाई, तुमी जे दिसतं तेच लिवा. माज्यापायी तुमची वही नगं नासाया.”

कृपाबाईंनी वही उघडली. टाक दौतीत बुडवला, कडेला निथळला. वाकून त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरांत लिहिलं: शनिवार. गावचे दूध. मुले नऊ. अक्षर जराही तिरपं गेलं नाही.

आप्पांनी चष्मा लावला आणि ती ओळ वाचली. चरवीकडं पाहिलं. बाईंकडं पाहिलं. बाई टीपकागद शोधत होत्या, समोर असूनही. मग आप्पा खाली वाकले, चरवीत तळाशी उरलं होतं ते एका पेल्यात ओतून उभ्यानंच प्याले, आणि मिशी पुसली.

“शेळीचं दूध,” ते म्हणाले. “जरा आंबूसच लागतं.”

त्यांनी सही केली, वही बाईंकडं सरकवली आणि पायरी उतरता उतरता वळले.

“लगीच मिटू नगा, बाई. शाई वाळू द्या.”