टोपीतली सातवी चिठ्ठी

गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी नुरिला आपायनी केसाळ टोपीतून सातवी चिठ्ठी काढली आणि नेहमीसारखी मोठ्याने वाचली.

"सतरा चादरी गेल्या. फलकावर नावं अकरा आहेत. उरलेल्या सहा कुणाच्या?"

सभागृहात एकतीस माणसं होती.

फलक खाणीच्या फाटकावर होता. नोव्हेंबरातल्या स्फोटानंतर आठवड्याभरात लागलेला, काळ्या दगडाचा, अकरा मृतांच्या नावांचा. कोकझार या खाणीच्या गावात त्याबद्दल स्वयंपाकघरात बोललं जाई, तेही आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ चालू ठेवून. खाणकामगारांच्या सांस्कृतिक भवनात, मंचावरून, कुणी बोललं नव्हतं.

आपायनी चिठ्ठी घडी करून बाजूला ठेवली आणि उत्तर दिलं. त्या दिवशीचा चित्रपट धरणाखाली गेलेल्या गावाचा होता. त्यात नावाडी मेंढ्या दोनदा मोजतो, माणसं एकदाही मोजत नाही. त्या म्हणाल्या, दिग्दर्शकाने ती मोजणी इतकी लांबवली आहे की बघणाराही नकळत मोजू लागतो, आणि एकदा मोजायला लागलेला माणूस मध्येच थांबू शकत नाही. मग त्यांनी आठवी चिठ्ठी काढली. ती कुत्र्याबद्दल होती, तो शेवटी जिवंत राहतो की नाही. लोक जरुरीपेक्षा जास्त हसले.

मागच्या रांगेत कोटाची सगळी बटणं लावून बसलेला एक अनोळखी माणूस चहाआधी उठून गेला. बाउरसाकची, तळलेल्या पावाच्या गोळ्यांची, थाळी त्याच्या समोरून गेली तरी त्याने हात लावला नाही. निवृत्त फिटर, शिक्षिका, परिचारिका, सगळ्यांनी ते पाहिलं. पाहायचं कसं, हे आपायनीच त्यांना शिकवलं होतं.

नुरिला, सगळ्यांच्या आपाय म्हणजे थोरल्या ताई, खाणीच्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या. निवृत्तीनंतर तेवीस वर्षं त्यांनी हा गुरुवारचा वर्ग चालवला होता. आधी वीस मिनिटं व्याख्यान, मग चित्रपट, मग चिठ्ठ्या. नियम दोनच. पडद्यावर काय दिसलं ते आधी लिहायचं, काय वाटलं ते नंतर. आणि नाव लिहायचं नाही. टोपीत पडलेली प्रत्येक चिठ्ठी वाचली जाईल, एकही मागे राहणार नाही. इतर ठिकाणचे व्याख्याते चर्चा सुरू व्हावी म्हणून स्वतःच एखादी चिठ्ठी लिहून टाकत. आपायना ती लबाडी वाटे. त्यांनी तसं एकदाही केलं नव्हतं आणि ते त्या सगळ्यांना सांगत.

चिठ्ठ्या त्या जपूनही ठेवत. चहाचे एक्केचाळीस डबे, वर्षाला एक-दोन, वर्षं लिहिलेले, प्रोजेक्टरच्या खोलीतल्या फळीवर. डब्यांसमोर उभ्या असलेल्या आपायचा फोटो जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आला होता. भवनाचा संचालक ओराझबेक याने तो कापून दाराशी लावला होता.

शुक्रवारी अकरा वाजता ओराझबेकने त्यांना बोलावलं. लहानपणी तो त्यांच्याकडूनच पुस्तकं नेत असे. आता तो खिडकीबाहेर बघत बोलला. सोमवारी दहा वाजता प्रदेशाच्या मुख्य शहरातून एक जण येणार होते. त्यांना डबे बघायचे होते, सगळे. हस्ताक्षरासाठी.

"नुसते कागद तर आहेत, आपाय," तो म्हणाला. "देऊन टाका नि मोकळ्या व्हा."

सातव्या चिठ्ठीचं हस्ताक्षर आपाय ओळखत होत्या. नऊ वर्षं ओळखत होत्या. ती जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेली होती, कोरडी असताना करडी दिसणारी आणि ओल लागली की जांभळी होणारी. तसल्या पेन्सिलीने कोकझारमध्ये एकाच ठिकाणी लिहितात. इस्पितळाच्या धुलाईत, चादरींच्या कोपऱ्यावर खुणा करायला. मृतदेह झाकायच्या चादरीही तिथूनच जात. चिठ्ठी उलगडली तेव्हाच त्यांना ते दिसलं होतं. तरी नियम होता म्हणून त्यांनी वाचली.

धुलाईतली झलिखा शुक्रवारी दुपारी स्वतःच आली. साबणाने पांढरे पडलेले हात तिने एप्रनला पुसले आणि दारातच उभी राहिली. तिच्या बहिणीचा मुलगा खाणीत होता. तो वर आला नव्हता आणि फलकावरही नव्हता.

"मी जाऊन सांगते, मी लिहिलं म्हणून."

"तू कुठेही जायचं नाहीस."

"आपाय, तुम्हीच म्हणता ना, जे दिसलं ते लिहा. मला चादरीच दिसल्या."

आपायनी तिला कामावर परत पाठवलं आणि घरातल्या, धुलाईतल्या तसल्या सगळ्या पेन्सिली टाकून द्यायला सांगितलं.

प्रोजेक्टर चालवणारा आल्फ्रेड वरच्या खोलीत भिंग पुसत होता. त्याच्या जर्मन आजोबांना युद्धाच्या वर्षांत हद्दपार करून मालगाडीतून या गवताळ स्तेपमध्ये आणून सोडलं होतं. घरी कुणी कागदपत्रं बघायला आलं की काय करायचं हे त्याला शिकवावं लागत नसे. त्याने दाराला आतून कडी घातली. नऊ वर्षांच्या डब्यांतून त्यांनी झलिखाच्या चिठ्ठ्या वेचून काढल्या. सातवी धरून तीनशेच्या वर निघाल्या. आपाय प्रत्येक वाचत होत्या. एकीत लिहिलं होतं, 'नायिका रडताना तिची उशी इस्त्री केलेली आहे.' दुसरीत, 'आईच्या खोलीत खिडकी आहे पण उजेड येत नाही.'

"वाचत बसाल तर सोमवार उजाडेल," आल्फ्रेड म्हणाला. "तेवीस वर्षं तुमची व्याख्यानं ऐकतोय, एकदाही वेळेत संपली नाहीत."

जाळणं शक्य नव्हतं. या खोलीत काडी ओढली तरी आगीची घंटा वाजे, आणि आपायच्या पाचव्या मजल्यावरच्या खिडकीतून धूर निघाला तर सगळ्या अंगणाला दिसला असता. पाण्याने धूर होत नाही, घंटाही वाजत नाही. रिळं धुण्याचं जुनं कुंड होतं. आपायनी बाह्या वर केल्या आणि चिठ्ठ्या पाण्यात कुस्करल्या. पाणी बघता बघता जांभळं झालं. लगदा बनला. त्यांनी कुंड स्वच्छ धुतलं. हातांकडे लक्ष गेलं ते घरी, दिव्याखाली.

मनगटापर्यंत जांभळे. सोडा, व्हिनेगर, वाळू, काही चाललं नाही. तो रंग चादरीवर शंभर धुलाया टिकावा म्हणूनच बनवलेला असतो.

सोमवारी दहा वाजता त्या लोकरी हातमोजे घालून ओराझबेकच्या खोलीत गेल्या. आलेला माणूस चाळिशीचा, सौम्य बोलणारा होता. त्याने त्यांना आधी बसायला सांगितलं. व्याख्यानाची तारीफ केली, मोजणीचं निरीक्षण विशेष आवडलं म्हणाला. मग सातवी चिठ्ठी मागितली.

आपायनी पर्समधून दिली. साधी निळी शाई, त्यांचं स्वतःचं गोल अक्षर.

"ही तुम्हीच लिहिलीत?"

"मीच. चर्चा सुरू होत नसली की टाकावी लागते एखादी. सगळेच व्याख्याते टाकतात."

ओराझबेकने मान खाली घातली. त्या असं कधी करत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

चादरींचं कुठून कळलं, असं त्या माणसाने विचारलं. बाजारात ऐकलं, त्या म्हणाल्या. त्याने मान डोलावली आणि एक कागद पुढे सरकवला. तेच वाक्य त्याच्यासमोर एकदा लिहून हवं होतं.

"हातमोजे काढा ना, आपाय. इथे चांगलं गरम आहे."

त्यांनी एक एक बोट सोडवत काढले. कागद जवळ ओढला आणि एकही अक्षर हलू न देता वाक्य लिहिलं. तो अक्षर बघत नव्हता. पुरता एक मिनिट त्याने हात बघितले, मग स्वतःच्या वहीत एक ओळ लिहिली. डबे त्याने गाडीत ठेवायला सांगितले.

बुधवारी सकाळी नऊ वाजता तीच गाडी आपायच्या दाराशी आली. थोडे प्रश्न आहेत, दुपारपर्यंत परत सोडू, असं शेजारणीला सांगण्यात आलं.

गुरुवारी दोन वाजता आल्फ्रेडने व्याख्यानाशिवाय चित्रपट लावला. एकोणतीस जण आले होते. झलिखा तिसऱ्या रांगेत तिच्या जागेवर होती. चित्रपट संपल्यावर कुणी न सांगता टोपी हातोहात फिरली. तिच्यापाशी आली तेव्हा तिने एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि लिहिलं. टोपी मंचावरच्या टेबलावर ठेवून सगळे थोडा वेळ बसून राहिले. मग कोट चढवले.

शनिवारी संध्याकाळपर्यंत आपाय परतलेल्या नाहीत. शुक्रवारी कुणीतरी इस्पितळाच्या धुलाईतल्या कामगारांची यादी मागून नेली. टोपी टेबलावरच आहे. आल्फ्रेड म्हणतो, तिच्यात एकोणतीस चिठ्ठ्या आहेत. त्याने मोजल्या, उघडल्या नाहीत.