खिशातले दगड आणि माझी सुई

मित्रांनो, मी शाळेच्या तपासणीखोलीतला जुना वजनकाटा आहे. त्या सोमवारी माझ्यावर चढलेल्या मुलीला माझ्याकडून फक्त दीड किलो हवं होतं. तेवढं मिळालं की धावण्याच्या संघात जागा पक्की. नाही मिळालं, तर सात आठवड्यांनी होणारी शर्यत कठड्याला टेकून बघायची.

तिचे आईबाबा कामासाठी लांबून इथे आलेले, म्हणून सगळे तिला 'नवी'च म्हणत. सरावात एकदा ती चक्कर येऊन मटकन खाली बसली. तेव्हा नर्सताईंनी बजावलं होतं, "चोवीस किलो भरलीस की धाव. त्याआधी नाही."

माझी सुई साडेचोवीसवर गेली.

"आठ दिवसांत दोन किलो?" नर्सताईंनी चष्मा वर केला. "विटा खाल्ल्यास की काय गं?"

नवी लाजून हसली, तेवढ्यात तिच्या स्वेटरच्या खिशातून एक दगड माझ्या पत्र्यावर ठण्णकन पडला. मग दुसरा. रांग खिदळली. मित्रांनो, सुई थोडी पुढे ढकलावी असं मलाही वाटलं, पण आमच्या धंद्यात ते बसत नाही.

"ताई, मला संघातून काढू नका ना," नवी पुटपुटली.

"सकाळी काय खाऊन येतेस?"

"आई पहाटेच बेकरीत जाते. मी भावाला तयार करते, मग उशीर होतो. म्हणून पळत येते."

"दोन किलोमीटर? रिकाम्या पोटी?"

सगळ्या वस्तीचा नाश्ता भाजणाऱ्या आईची लेक उपाशी! ताईंनी चिठ्ठीसाठी कागद पुढे ओढला.

मागे 'शेठ' उभा होता. इथलाच, दुकानदाराचा मुलगा. गाडीतून उतरायचा तो थेट वर्गाच्या दाराशी. "माझ्या डब्यात दोघांचं असतं," तो म्हणाला. "आई कोंबून भरते."

"चढ आता," ताई शेठला म्हणाल्या. तो चढला. "आणि खिडकीच्या कट्ट्यावरचा हात काढ!"

त्याने हात काढला, तशी सुई टुणकन चार किलो पुढे. मला फसवण्यात दोघं सारखेच. दिशा तेवढ्या वेगळ्या.

दोन्ही आयांना चिठ्ठ्या गेल्या. नवीची आई निघण्याआधी पाव आणि दूध झाकून ठेवू लागली. शेठ वाटेतल्या पुलापाशीच गाडीतून उतरून नवीसोबत चालू लागला. पहिले चार दिवस धापा टाकत, "अगं, हळू!" म्हणत. शाळेच्या पायरीवर त्याचा डबा उघडायचा. त्यातलं अंडं नवीला, तिच्याकडचा ताजा पाव शेठला.

सातव्या सोमवारी माझी सुई चोवीसच्या रेघेवर थरथरली आणि केसभर पुढे जाऊन थांबली.

"भरलं!" शेठ ओरडला आणि आनंदाच्या भरात तोही माझ्यावर उडी मारून चढला. दोघं नाचले. माझ्या पोटात 'कड्' झालं.

नवी शर्यतीत दुसरी आली. पंच आंधळा होता, असं शेठचं ठाम मत आहे. आता खोलीत बॅटरीवर चालणारा काटा आहे आणि माझ्यावर ताईंची पर्स ठेवतात. मुलांनो, माझी धूळ जमलं तर पुसा. पण शेजारच्या बाकावरच्याने सकाळी काही खाल्लंय का, ते न चुकता विचारा.

बाकी हिशेब सरळ आहे. नवीला दीड किलो मिळालं, शेठला रोजची सोबत, ताईंना शांत झोप. भरपाई केली ती एकट्या माझ्या स्प्रिंगने.