हिरीत बाया हायत

बायनाबाईनं विहिरीच्या शेवटच्या कोरड्या पायरीवरून उजवा पाय पाण्यात सोडला आणि लगेच वर घेतला.

“काय झालं?” वरून आवाज आला.

“गार हाय की रं, दादा.”

“वैशाखात गार? ताप तुला आलता का मला?”

थोरला भाऊ बन्सीधर वर, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या कडेवर बसून खाली वाकला होता. महिनाभराच्या हिवतापानं त्याची गालफडं बसली होती, आणि ऊन असूनही त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली नव्हती. सेलूच्या दवाखान्यातल्या डॉक्टरानं त्याला पावसाळ्यापर्यंत थंड पाण्याला शिवायचं नाही, अशी ताकीद दिली होती.

आखाजीसाठी बायनाबाई पेडगावाहून वालूरला माहेरी आली होती. सण काल झाला. आज घरातली लेकरंबाळं, सुना, गडीमाणसं सगळी गाड्या जुंपून एका लग्नाला गेली. मागं राहिले तिघं. बन्सीधर, त्याला वेळेवर काढा पाजायला त्याची बायको सुमनबाई, आणि गाडीत दाटीनं बसायचा कंटाळा आला म्हणून बायनाबाई. जेवणं झाल्यावर बन्सीधर मळ्यात निघाला, तशी तीही निघाली. पऱ्हाट्या उपटून रान उघडं पडलं होतं. औताचे बैलसुद्धा आंब्याखाली डोळे मिटून बसले होते. विहिरीपाशी आल्यावर ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली,

“दादा, मला आजून येत आसंल का रं?”

काय येत असेल, हे त्यानं विचारलं नाही. “उतरून बग,” एवढंच म्हणाला.

ती आठ वर्षांची असताना त्यानंच तिला या विहिरीत शिकवलं होतं. पहिले पंधरा दिवस पाठीला वाळका भोपळा बांधून, आणि मग एके दिवशी न सांगता भोपळ्याची दोरी सोडून. त्यानंतरचे तीन उन्हाळे ती जवळजवळ पाण्यातच होती. मोटेच्या चाकापासून उडी टाकायची, तळाला गेलेला कवडीएवढा खडा शोधून आणायची. बन्सीधरचे सोबती तिच्याशी पैज लावत नसत. अकराव्या वर्षी लग्न ठरलं आणि आई म्हणाली, “आता पुरं.” पेडगावला सासरच्या वाटणीला पायऱ्या नसलेला अरुंद आड आला. पाणी दोरानं ओढायचं, खाली बघायचं ते घागर भरली का एवढंच. आपल्याला पोहता येतं, हे सांगायची कधी वेळच आली नाही. एकेचाळीस वर्षं संसार झाला, सात नातवंडं झाली. नवऱ्याला अजून ठाऊक नव्हतं.

तिनं लुगड्याचा काष्टा पुन्हा एकदा आवळला, पदर कमरेला घट्ट खोचला आणि एक एक करून पाण्यातल्या तीन पायऱ्या उतरली. पाणी छातीला लागलं. चौथी पायरी शेवाळलेली होती. पाय सटकला तसा तिनं दगड सोडला.

दोन हात मारले असतील नसतील, नाकातोंडात पाणी गेलं. लुगडं फुगून वर आलं. ती धडपडत मागं फिरली आणि पायरी धरून खोकत बसली. छाती धडधडत होती. आपण बावन्न वर्षांच्या आहोत, हे तिला या वेळी चांगलंच कळलं.

“भाकरी थापायलीस का काय?” बन्सीधर वरून ओरडला. “पाणी थापू नगंस, मागं सार! आन तोंड मीट.”

“तू गप रे.”

“मी गप बसलो तर शिकवंल कोन?”

तिला हसू आलं. हसता हसता तिनं पुन्हा हात सोडला. या वेळी घाई केली नाही. हात पुढं, बाजूनं मागं. पाय आपोआप बेडकासारखे दुमडले आणि लांब झाले. मधल्या काळ्या पाण्यावर आली तेव्हा खाली किती खोल आहे, याचा विचार मनात आला. पण तोवर समोरची भिंत जवळ आली होती. भिंतीत पारव्यांनी घर केलेली देवळी होती. तिच्या खालच्या दगडाला हात लावल्याशिवाय पोहणं पुरं झालं, असं लहानपणी कुणी मानत नसे. बायनाबाईनं त्या दगडावर तळहात टेकला. दोन पारवे फडफडत वर उडाले.

“लागला का?” बन्सीधर उभा राहिला होता.

“लागला!” ती हसत ओरडली.

तिचा आवाज विहिरीत घुमला. तो आपलाच का, असं तिला क्षणभर वाटलं.

परत येताना ती मधेच उताणी झाली आणि पडून राहिली. कान पाण्यात बुडाले, तसं सगळं थांबलं. वर गोल आभाळ, त्याच्या कडेला औदुंबराची फांदी, आणि भावाचं मुंडासं. कंबर गेले सहा महिने दुखत होती. आता ती कुठं आहे, तेच कळत नव्हतं. अंबाडा सुटून पांढरे केस चेहऱ्याभोवती पसरले. ते सावरावेत असंही तिला वाटलं नाही.

मग आभाळाच्या कडेला मुंडाशाशेजारी आणखी एक डोकं दिसलं. पदर घेतलेलं.

बायनाबाई गर्रकन पालथी झाली आणि पायरीकडं आली.

सुमनबाई या घरात आली ती बायनाबाई सासरी गेल्यानंतरच्या वर्षी, राणीसावरगावच्या मोठ्या घरातून. अंगानं भारी, बोलायला थोडकी, आणि घरात तिचा शब्द शेवटचा. नणंद-भावजयींत भांडण कधी झालं नाही; पण जवळ बसून चार गोष्टी बोलल्याचंही दोघींना आठवलं नसतं.

“तू कामून आलीस एवढ्या उन्हात?” वर बन्सीधर विचारत होता.

“काढा कोन घेनार?” सुमनबाईनं त्याच्या हातात तांब्या दिला. “समदा प्या. खाली गाळ ठिवू नका.”

“ही आपली... आत्ताच उतरली. पाय धुवायला.”

“मी मगाधरनं तुमच्या मागं हुबी हाय. वन्संनी भिंतीला हात लावला तवापासून.”

बायनाबाई छातीएवढ्या पाण्यात दगड धरून उभी राहिली. ओला पदर तिनं डोक्यावर ओढला. तो तिथं राहीना. सुमनबाईनं वहाणा काढल्या, भिंतीचा आधार घेत ती एकेक पायरी उतरू लागली. तिच्या पाटल्या दगडावर घासल्याचा आवाज होत होता. शेवटच्या कोरड्या पायरीवर ती टेकली. दोघी समोरासमोर आल्या. बोलणी खायची म्हणून बायनाबाईनं मान खाली घातली.

“थंड हाय?” सुमनबाईनं विचारलं.

“हं?”

“पानी.”

“आदी लागतंय. मग न्हाई.”

सुमनबाईनं लुगडं पोटऱ्यांपर्यंत घेतलं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. बराच वेळ ती त्यांच्याकडंच बघत बसली.

“चार लेकरं ह्याच हिरीत पव्हायला शिकली,” ती म्हणाली. “एकेकाला ह्यांनी वरून ढकलून दिलं. मी काठावर हुबी राहून नुस्ती भेत राह्यले. लेकरं हासत वर यायची. मला वाटायचं, आसं काय हाय त्या पान्यात, म्हून हासतेत?”

बायनाबाईनं तोंडावर आलेले ओले केस मागं सारले.

“तुमी आत्ता तशाच हासलाव,” सुमनबाई म्हणाली. मग खाली बघतच, “मला धराल का?”

बायनाबाईनं हात पुढं केला.

सुमनबाईनं वर तोंड केलं. “आवं! तिकडं तोंड करून बसा.”

बन्सीधरनं निमूटपणे पाठ फिरवली. “आन कोनी आलं तर?”

“तर सांगा, हिरीत बाया हायत, तिकडून जावा म्हनावं.”

पहिल्या पायरीला सुमनबाईनं नणंदेचं मनगट असं आवळलं की बांगड्या रुतल्या. दुसरीला ती ‘महादेवा, महादेवा’ म्हणू लागली. पाणी कमरेला आलं तेव्हा ती थांबली, आणि आता मागं फिरणार असं बायनाबाईला वाटलं. पण सुमनबाईनं डोळे गच्च मिटले आणि तिच्या हातांवर स्वतःला टाकून दिलं, एकदम, मागं-पुढं न बघता.

बायनाबाईनं पाय रोवून भार घ्यायची तयारी केली होती. भार आलाच नाही. जिच्या येण्याजाण्यानं घरातल्या सुना सावरून बसत, ती बाई दोन तळहातांवर पाण्याच्या तालानं वरखाली होत होती.

“आंग सैल सोडा, वैनी. मी हाय.”

हळूहळू सुमनबाईची मूठ उघडली. मग डोळे उघडले. उघड्या आभाळाकडं बघत ती पडून राहिली. पारवे परत देवळीत येऊन बसले. बऱ्याच वेळानं तिच्या तोंडातून एक बारीकसा आवाज निघाला. ती हसते आहे, हे बायनाबाईच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

“किती दिस लागतेत शिकायला?”

“मला पंधरा लागले. पर मी लहान व्हते.”

“मंग मला आठ पुरं हायत.”

“मी परवा निघायलेय, वैनी.”

सुमनबाईनं एक पाय उगीच हलवून पाहिला, पाणी उडालं. मग पडल्या पडल्याच, घरात सुनांना हाक मारावी त्या आवाजात ती म्हणाली,

“आवं, ऐकायलाव का? परवा गाडी जुपायची न्हाई.”

“बरं,” वर बन्सीधर रानाकडं तोंड करून म्हणाला. “आन पेडगावला काय निरोप धाडू? दाजी वाट बघतेल.”

पाणी सुमनबाईच्या कानांपर्यंत आलं होतं.

“म्हनावं, वैनीनं ठिवून घेतलंय.”